बाळ आमच्याकडे दिसत नाही

"पोरी, तिकिटावर कुणाचं नाव छापलंय ते बघून भुलू नकोस. विमान कोण उडवणार, ते विचार. आणि लेकराचं नाव कुणाच्या वहीत लिहिलंय, ते तर सगळ्यात आधी विचार."

सेन्योर आदेलिनो असं म्हणाले, तेव्हा कारिनाने मान हलवली होती. ती कशी हलवली होती, हे सांगायला हवं. आमच्या पोर्तुगीज बेटावरच्या आंग्रा शहरात चाळीस वर्षं अमेरिकेची तिकिटं विकणारा म्हातारा, ज्याच्या टेबलाच्या कडेला अजून पेन्सिलीला टोक करायचं हातयंत्र ठोकलेलं आहे, त्याच्यासमोर एखादी पदवीधर मुलगी जशी मान हलवेल, तशी. म्हणजे मान 'हो हो' करत होती आणि हात पर्समधल्या फोनकडे चालला होता.

"बुधवारचं सरळ विमान आहे," आदेलिनो म्हणाले. "इथे चढायचं, बॉस्टनला उतरायचं. मध्ये कुणी नाही."

"त्यात पाळण्याची खात्री आहे का?"

"पाळणा?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाच तासांचा तर प्रवास. मांडीवर घे की! तुझ्या आईने तुला मांडीवर घेऊनच टोरांटोला नेलं होतं. तिकीट मीच लिहिलं होतं. सगळ्या वाटेत ओकलीस तू."

या शेवटच्या वाक्याने गिऱ्हाईक गेलं. दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या आणि दोघींनीही कारिनाकडे वळून बघितलं होतं, जणू आत्ता पुन्हा ओकेल. कारिना म्हणाली, "विचार करून सांगते," आणि बाबागाडी उलटी फिरवून बाहेर पडली.

विचार तिने केला नाही असं कुणी म्हणू नये. विचार हा तर तिचा जोडधंदा होता. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर ती दुकानात उभी राहून वाचायची. बेनेदिता चौदा महिन्यांची झाली तरी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. त्यालाही कारण होतं. बेनेदिता सातव्या महिन्यातच जन्माला आली, सव्वा किलोची, आणि सहा आठवडे काचेच्या पेटीत होती. त्या सहा आठवड्यांत कारिना आणि तिचा नवरा एल्डर पेटीच्या या बाजूला उभे असत. आणि समुद्राच्या पलीकडे, फॉल रिव्हर नावाच्या गावात लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर, देओलिंदा मावशी गुडघे टेकून बसलेली असे.

देओलिंदा मावशी म्हणजे कारिनाच्या आईची चुलतबहीण आणि कारिनाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी हिने कारिनाला हातात धरलं, तिसऱ्या वर्षी अमेरिकेहून पहिला कोट पाठवला आणि कॉलेजची पुस्तकंही हिनेच घेऊन दिली. पंचवीस वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात बाह्या जोडल्या. स्वतःचं मूल नाही. तिने नवस केला होता, की लेकरू पेटीतून बाहेर आलं तर पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्या घरी आणीन आणि याच लेकराच्या डोक्यावर ठेववीन.

आता मुकुट काही कुणी मागितला म्हणून मिळत नाही. ईस्टरनंतरचे सात आठवडे तो चांदीचा मुकुट एकेका घरी मुक्कामाला असतो, आणि कुणाच्या घरी ते भांड्यातून निघणाऱ्या चिठ्ठीवर ठरतं. त्या आठवड्याच्या रविवारी मिरवणुकीने तो चर्चमध्ये नेतात, फादर तो एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात आणि मग येईल त्याला फुकट सूप वाढतात. देओलिंदा मावशीने अकरा वर्षं चिठ्ठी टाकली होती. यंदा, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तिचं नाव निघालं. सहावा रविवार. तिचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरी, निघालं गं. आता तू तेवढी आण तिला."

तेवढंच आणायचं होतं. चौदा महिन्यांचं एक लेकरू, एका रविवारपर्यंत.

कारिनाने त्याच संध्याकाळी फोनवर तिकीट काढलं. व्हेंतोमार नावाच्या कंपनीच्या पानावर एक गुटगुटीत बाळ विमानाच्या भिंतीला लावलेल्या पाळण्यात हसत झोपलं होतं. हसत झोपलेलं बाळ कारिनाने चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिने ते चित्र मोठं करून बघितलं, पट्टे किती आहेत ते मोजलं आणि मग पुढे गेली. शुक्रवारी सकाळी बेटावरून लिस्बन, दुपारी लिस्बनहून बॉस्टन. शनिवार हाताशी शिल्लक. अमेरिकेला जायचं म्हणून आधी उलट्या दिशेला दोन तास उडायचं, यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही.

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की लिस्बन ते बॉस्टन हे उड्डाण व्हेंतोमारच्या क्रमांकाने, परंतु भागीदार नॉर्थलेक कंपनीच्या विमानाने होईल. ते कारिनाने वाचलं नाही असंही नाही. वाचलं. आणि एल्डरला म्हणाली, "दोन दोन कंपन्या आहेत बघ. एकीने नाही लक्ष दिलं तर दुसरी देईल."

एल्डर सहकारी डेअरीत दुधाची परीक्षा करतो. तो म्हणाला, "दोन माणसांवर टाकी धुवायचं काम दिलं, की आमच्याकडे टाकी तशीच राहते."

"विमान म्हणजे टाकी नाही."

"बरं बाई," एल्डर म्हणाला. लग्नाला पाच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची इल्दा कुंपणापाशी उभी होती. कारिना अमेरिकेला निघाली हे तिला कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नाही. साओ मातेउस गावात बातमी सांगावी लागत नाही, ती आपली असते.

"शेजारीणबाई, फॉल रिव्हरला चाललीस म्हणे. मी काही देत नाही हं! लेकरू घेऊन चाललीस. माझ्या जिभेला लाज आहे."

"तसं काही नाही, इल्दा..."

"फक्त एक चीज. जावयाला. अर्धंच."

ते अर्धं चीज साडेतीन किलोचं होतं. अख्ख्या चिजाचं चाक केवढं असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना आश्चर्य वाटणार नाही. आमच्या बेटावरून अमेरिकेला कुणी स्वतःचं सामान घेऊन जात नाही. स्वतःचे कपडे हातातल्या पिशवीत, आणि पेट्यांत गाव. नाही म्हणायची सोय नसते, कारण मागच्या खेपेला त्यांनी तुमचं नेलेलं असतं. रविवारपर्यंत कारिनाच्या घरी दोन गोड पाव, मिरचीच्या लगद्याच्या चार बाटल्या, विणलेला टेबलक्लॉथ, कुणाच्या तरी कवळीचा तुटलेला भाग (तिकडे बसवणारा चांगला होता) आणि पॅशनफ्रूटच्या दारूची एक बाटली जमली. प्रत्येक वस्तूबरोबर एक सल्ला फुकट होता. बाळाच्या कानात कापूस घाल. कापूस अजिबात घालू नकोस. चढताना पाज. उतरताना पाज. इल्दाची बहीण म्हणाली, पाजूच नको, झोपेचं औषध दे, तिच्या नातवाला दिलं होतं, तो अजून शांत आहे. तो नातू सव्वीस वर्षांचा आहे आणि खरोखरच फार शांत आहे.

सामान किती नेता येतं हे विचारायला म्हणून कारिनाने व्हेंतोमारला फोन लावला, आणि जाता जाता पाळण्याचं विचारलं.

"बाळ आमच्याकडे आहे, मॅडम, काहीच काळजी करू नका," पलीकडची बाई म्हणाली. "पाळणा मात्र आमच्याकडे नाही. पाळणा विमानात असतो. विमान त्यांचं."

"पण तुमच्या पानावर फोटो आहे."

"तो आमच्या विमानातला."

"मी तुमचंच तिकीट घेतलंय ना?"

"हो तर! तिकीट आमचं. विमान त्यांचं."

कारिनाने नॉर्थलेकला फोन लावला. पस्तीस मिनिटं सनई आणि पावसाच्या मधलं काहीतरी वाजलं. मग एक तरुण आला. त्याला सहा अक्षरांचा क्रमांक सांगितला, तो चालेना. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो म्हणे. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, शेवटी सापडली.

"हं, सेन्योरा कारिना तोश्ते. एक प्रवासी. खिडकी."

"दोन. माझ्याबरोबर बाळ आहे."

बराच वेळ खटखट ऐकू आली. "बाळ आमच्याकडे दिसत नाही."

"मला दिसतंय," कारिना म्हणाली. बाळ त्या वेळी सोफ्याखालून काढलेली एल्डरची चप्पल चावत होतं.

"तुमच्याकडे असेल, मॅडम. आमच्या पडद्यावर नाही. व्हेंतोमारने पाठवलं की दिसेल."

"कधी पाठवतील?"

"आपोआप येतं. बहात्तर तास धरा."

बहात्तर तास कारिनाने धरले. ते संपल्यावर पुन्हा फोन केला. बाळ आलं नव्हतं. व्हेंतोमार म्हणाली, पाठवलंय. नॉर्थलेक म्हणाली, पोचलं नाही. मधल्या मध्ये बेनेदिता कुठे अडकली होती कोण जाणे. कारिनाला रात्री स्वप्न पडलं, की लेक समुद्रावर कुठेतरी तारांमध्ये लटकली आहे आणि खाली सनई वाजते आहे. उठून तिने नाकाखाली बोट धरलं. मग तिने रंगीत कप्प्यांची एक फाइल केली. हिरव्या कप्प्यात पासपोर्ट, पिवळ्यात अमेरिकेच्या परवानगीच्या तीन तीन प्रती, निळ्यात लसी, आणि लालमध्ये बाळाचं तिकीट. म्हणजे व्हेंतोमारने पाठवलेला, बाळाचं नाव असलेला एक कागद. त्यावर तिकिटाचा क्रमांक नव्हता. तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. सेन्योर आदेलिनोंच्या दुकानात झाडू मारणाऱ्या बाईलासुद्धा ते माहीत होतं.

आणि ज्या गोष्टीसाठी ही सगळी कथा सांगायची, ती इथे आहे.

गुरुवारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, कारिना औषधाच्या दुकानातून परत येत होती. गेले तीन आठवडे ती आदेलिनोंच्या दुकानासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडत असे. समोरच्या फूटपाथवर दगड उखडलेले आहेत आणि बाबागाडीचं चाक अडकतं, तरीही. त्या दिवशी चाक अडकलंच. आदेलिनो दारात उभे होते. रस्ता ओलांडून आले, वाकून चाक सोडवलं आणि बेनेदिताच्या गालाला बोटाची मागची बाजू लावली.

"उद्या निघतेस ना? देओलिंदाच्या मुकुटाला?" ते म्हणाले. "तिचंही तिकीट मीच लिहिलं होतं बरं. एकेरी. सगळं व्यवस्थित झालंय ना? लेकराचं?"

कारिनाच्या पर्समध्ये लाल कप्पा होता. तो उघडून तिने एवढंच म्हणायचं होतं, की हे जरा बघता का. दहा पावलांवर दुकान होतं.

"अगदी व्यवस्थित," कारिना म्हणाली. "हल्ली सगळं आपोआप होतं."

"असं? चांगलं आहे," आदेलिनो म्हणाले, आणि तिला उतार लागेपर्यंत बाबागाडीला हात देऊन परत गेले.

शुक्रवारी सकाळी लाजेसच्या विमानतळावर निम्मं गाव पोचवायला आलं होतं. त्यातले अर्धे लोक बाळाला टाटा करायला आणि अर्धे आपापल्या बाटल्या नीट गुंडाळल्या आहेत का ते बघायला. काउंटरवरच्या मुलीने पेट्या घेतल्या आणि लिस्बनपर्यंतचाच पास दिला. "बॉस्टनचा तिकडे मिळेल, नॉर्थलेकच्या खिडकीवर." कारिनाने लाल कप्पा अर्धा उघडला. पण मागे इल्दा उभी होती, म्हणून ती हसली.

लिस्बनमध्ये नॉर्थलेकच्या खिडकीवर टाय लावलेला एक गृहस्थ होता. आवाज मऊ. असा आवाज फक्त वाईट बातमी द्यायला ठेवलेली माणसंच जोपासतात.

"तुमचं तिकीट आहे, सेन्योरा. पण बाळाचं नाही."

"हे बघा." लाल कप्पा उघडला.

"हा विनंतीचा कागद आहे. व्हेंतोमारने तिकीट लिहायचं राहिलं. त्यांच्याकडून लिहून आणा, मी लगेच पास देतो. दीड तास आहे."

व्हेंतोमारची खिडकी दुसऱ्या इमारतीत होती. तिथे जायला बस, बस वीस मिनिटांनी. काखेत बेनेदिता, खांद्यावर पिशवी, पाठीवर इल्दाचं चीज. ते पेटीत मावलं नव्हतं. खिडकीवरच्या मुलीने पडद्याकडे बघितलं आणि चेहरा पाडला. "अय्या, हो की! राहिलंय." कारिनाला तिला मिठी मारावीशी वाटली. मुलगी पुढे म्हणाली, "पण आता मला हात लावता येत नाही. नॉर्थलेकने उड्डाण उघडलं ना, की सगळी तिकिटं त्यांच्या ताब्यात जातात. त्यांनी आधी सोडायला हवं."

"मग त्यांना फोन करा!"

"आमच्याकडे त्यांचा नंबर नाही, सेन्योरा."

"तुम्ही भागीदार आहात ना?"

"हो," ती मुलगी म्हणाली, आणि खरोखर ओशाळली. "पण ते वरच्या साहेबांपुरतं."

पुन्हा बस. मऊ आवाज म्हणाला, "सोडतो, सोडतो," आणि सोडलं. पुन्हा दुसरी इमारत. तिथे त्या मुलीची पाळी संपून एक काका बसले होते, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, सोडलंय खरं, पण फक्त आईचं सोडलंय. बाळाचं सोडायला बाळ त्यांच्याकडे दिसायला हवं. मधल्या वेळात बेनेदिताने पिशवीतला गोड पाव फोडून बसच्या ड्रायव्हरला भरवला होता. अख्ख्या लिस्बनमध्ये त्या दिवशी तेवढा एकच माणूस खूश होता.

एल्डरचा फोन आला. "काय झालं? आवाज असा का? आदेलिनोकाकांना फोन करू?"

"नको!" कारिना बसच्या दारातून ओरडली. "मी बघतेय. सगळ्या बेटाला सांगत बसू नकोस."

तिसऱ्यांदा ती नॉर्थलेकच्या खिडकीवर पोचली तेव्हा खिडकीवर पडदा ओढलेला होता. पलीकडे काचेतून विमान मागे सरकत होतं. पाळणा त्यात होता की नव्हता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी नॉर्थलेकचं विमान नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीत एक जागा होती, पण मांडीवरच्या बाळांची संख्या भरली होती. बाळागणिक प्राणवायूचा एकेक मुखवटा लागतो म्हणे. म्हणजे कारिना एकटी जाऊ शकत होती. ती बाकावर बसून खूप हसली आणि शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला. रविवारी दुपारचं तिकीट मिळालं. पोचायची वेळ, तिकडच्या घड्याळात, अडीच. मुकुट चढवायची वेळ, अकरा.

शनिवारी एल्डरने शेवटी आदेलिनोंना फोन केलाच. म्हातारा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "लेकराचं तिकीट? ते मी लिहिलं असतं. दहा मिनिटांचं काम. गुरुवारी ती भेटली होती की मला." एल्डरने हे बायकोला तेव्हा सांगितलं नाही. आठ दिवसांनी सांगितलं. तोच बरा वागला.

देओलिंदा मावशीला मात्र कारिनाने स्वतः फोन केला, शुक्रवारीच, विमानतळाच्या बाकावरून. तिकडे मागे बायकांचा गलका होता. सात दिवस मुकुट तिच्या घरी होता आणि रोज संध्याकाळी तीन जिने चढून बायका जपमाळेला येत होत्या.

"मावशी, विमान चुकलं गं. रविवारी दुपारी पोचू."

पलीकडे गलका एकदम थांबला. मावशीने हात वर केला असणार.

"लेकरू बरं आहे ना?"

"बरं आहे."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. "सूप ठेवते बाजूला." आणि फोन नीट ठेवता न आल्यामुळे ती बायकांना म्हणाली ते ऐकू आलं: "थोडा उशीर होतोय. येते आहे पण. येते आहे."

रविवारी बॉस्टनला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी लांब कानांचं एक कुत्रं आलं आणि लंगोटांच्या पिशवीसमोर शहाण्यासारखं बसलं. लंगोटांच्या मधोमध इल्दाचं दीड हात सॉसेज होतं. 'फक्त चीज' म्हणाली होती. मांस तिकडे न्यायला बंदी आहे, हे पिवळ्या कप्प्यातल्या कागदावर कारिनाने स्वतः लाल शाईने अधोरेखित केलं होतं. अधिकाऱ्याने तिला एका खोलीत नेऊन विचारलं, की बॅग तुम्ही स्वतः भरली का. ती हो म्हणाली असती तर खोटं झालं असतं, आणि नाही म्हणाली तर काय होतं, ते पुढचा दीड तास तिने अनुभवलं. कवळीच्या तुकड्याची सविस्तर चौकशी झाली.

फॉल रिव्हरच्या सभागृहात ती पोचली तेव्हा साडेसहा वाजले होते. बायका मोठाली पातेली उलटी करून घासत होत्या. जमीन पुसलेली होती. खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या, एक सोडून. त्या खुर्चीवर देओलिंदा मावशी बसली होती, निळा चांगला झगा, केस बांधलेले, आणि मांडीवर एक पांढरा फ्रॉक.

मावशी उठली नाही. हात पुढे केले. बेनेदिता अनोळखी माणसाकडे कधी जात नाही, त्या दिवशी गेली, आणि गेल्या गेल्या तिने मावशीच्या झग्याचं बटण तोंडात घातलं.

"जड आहे गं," मावशी म्हणाली. "सव्वा किलो म्हणाली होतीस."

पातेली घासणाऱ्या बायकांपैकी एकीने कारिनाला बाजूला घेतलं. सांगितलं, की फादर पंचवीस मिनिटं थांबले. मावशी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होती. मग फादर म्हणाले, दुसरं एखादं मूल घेऊ या, इतकी मुलं आहेत. मावशी म्हणाली, नवस या लेकराचा आहे. शेवटी तिने फ्रॉकच दोन्ही हातांवर आडवा धरला आणि फादरांनी त्यावर मुकुट धरला. "कुणी हसलं नाही," ती बाई म्हणाली. ते तिने दोनदा सांगितलं, म्हणून कारिनाला कळलं, की कुणीतरी हसलं होतं.

मुकुट आता दुसऱ्या घरी गेला होता. फ्रॉक बेनेदिताला झाला नाही. सहा महिन्यांच्या मापाचा होता. मावशीच्या मनात लेकरू अजून लहानच होतं. सूप मात्र तिने खरंच ठेवलं होतं, झाकण लावून, पुदिन्याच्या पानासकट. सुपातला पाव भिजून लगदा झाला होता. कारिनाने तळ दिसेपर्यंत खाल्लं. तेवढ्यात इल्दाचा जावई आला आणि 'सॉसेज कुठाय' म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तो चीजही न घेता गेला. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला म्हणा.

नऊ दिवस ती राहिली. मावशीने एकदाही विषय काढला नाही. कारिनाने काढला, की ती म्हणायची, "अगं, विमानकंपनीची चूक ती. पवित्र आत्म्याला तेवढं कळतं." कारिनाच्या ओठांवर गुरुवार आला होता, उखडलेल्या दगडांचा फूटपाथ आला होता. चूक विमानकंपनीची नाही, मावशी, असं तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "हो ना." निघायच्या दिवशी मावशीने पुढच्या वर्षासाठी पुन्हा चिठ्ठी टाकली. भांड्यात साठ-सत्तर चिठ्ठ्या असतात.

याला आता आठ महिने झाले. व्हेंतोमारकडून एक पत्र आलं, त्यात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती आणि मायन्यात 'प्रिय बेनेदिता' असं लिहिलं होतं. म्हणजे बाळ शेवटी त्यांना दिसलं. सेन्योर आदेलिनोंकडे कारिना जाऊन आली, माफी मागायला. ते म्हणाले, "कसली माफी?" आणि पेन्सिलीला टोक करत बसले. पुढचं तिकीट ते लिहितील. पण रजा जूनच्या आधी मिळत नाही.

दर रविवारी ती मावशीला फोन करते. पूर्वी दुसऱ्या घंटेला उचलायची. नाताळानंतर पाचव्या-सहाव्याला. मागच्या महिन्यात एकदा उचलला आणि "येते आहे ना?" असं विचारलं. कारिना म्हणाली, "जूनमध्ये, मावशी." ती म्हणाली, "नाही, आत्ता. फादर थांबलेत." मग हसली आणि म्हणाली, झोपेत होते. खाली दुसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब हिवाळ्यात गाव सोडून गेलं. गेले दोन रविवार फोन नुसता वाजतो.

म्हणून कारिनाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची लेक, कुणाचा भाचा बॉस्टनच्या बाजूला असतो, हे तिला ठाऊक आहे. फॉल रिव्हर तिथून गाडीने तासाभरावर आहे. त्यांना सांगा, की पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत पिवळं लाकडी घर आहे, दारात हिरव्या टाइलवर कबुतर. घंटा बिघडलेली आहे, तेव्हा दार जोरात वाजवा. आतून ती म्हणेल, काही नको, सगळं आहे. तिचं ऐकू नका. फ्रीज उघडून बघा. जिन्याचा कठडा हलतोय का, तेही बघा. कुणी पाठवलं विचारलं तर कारिनाचं नाव सांगू नका, ती उगाच लेकराला बघायला खाली उतरायला निघेल.

आणि खिडकीत दिवा दिसला नाही, तर खाली उभं राहून विचार करत बसू नका. वर जा.